आडव्या सायकलीची हकीकत

वाचकहो, शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली मास्तरांची सायकल आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन सारख्या आकाराची चाके, मध्ये नळ्यांचा सांगाडा, वर सीट, पुढे हँडल, आणि सिटाच्या जवळजवळ खाली पायडल. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले याने ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली, तेव्हापासून हा घाट फारसा बदललेला नाही. तो आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की सायकल याहून वेगळी असू शकेल ही गोष्टच कोणाच्या मनात येत नाही. मुलाला पाटीवर सायकल काढायला सांगा. तो हीच काढील.

आज आपणांस सांगावयाची आहे ती एका वेगळ्याच सायकलीची हकीकत. हिच्यावर माणूस ताठ बसत नाही आणि वाकतही नाही. आरामखुर्चीत रेलावे तसा पाठ टेकून रेलतो. पाय खाली लोंबत नाहीत, ते समोर पसरलेले असतात, आणि पायडलही पुढेच असते. डोके उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा बरेच खाली येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू आल्याशिवाय राहत नाही. चावडीवरून अशी सायकल गेली तर पोरे मागे धावतील आणि म्हातारे म्हणतील, “हा निजलाय की चाललाय?” सोयीसाठी आपण तिला आडवी सायकल म्हणू. एके काळी हिने नेहमीच्या सायकलीला भर मैदानात मागे टाकले. त्याबद्दल बक्षीस मिळायच्या ऐवजी तिला शर्यतीतूनच काढून टाकण्यात आले. पुढे कित्येक वर्षांनी तिला मानाने फिरता येईल अशी एक वाट सापडली. ही वाट पॅरिसहून ब्रेस्तला जाते आणि परत पॅरिसकडे येते. पण ते पुढे.

आधी आडवे होण्यात एवढे काय आहे, ते पाहू. समोरून वारा सुटला असता डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेला माणूस कसा चालतो ते आठवा. तो आपोआप अंग चोरतो, खाली वाकतो. सायकलवाल्याचेही तेच. मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग वाढू लागला की त्याची बहुतेक ताकद रस्त्याशी किंवा चेनशी झगडण्यात जात नाही. ती वाऱ्याशी झगडण्यात जाते. हवा स्थिर असली तरी धावणाऱ्याला ती समोरून येणाऱ्या वाऱ्यासारखीच. त्यातही हिशेब मोठा कठोर आहे. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला पुरे पडायला ताकद आठपट लागते. अशा वेळी दोन उपाय उरतात. एक, मांड्यांत अधिक बळ आणणे. आणि दुसरा, हवेपुढे आपले अंग कमी धरणे. ताठ बसलेला माणूस म्हणजे हवेच्या दृष्टीने उघडे दार. रेललेला माणूस म्हणजे त्याच दाराची फट. आडव्या सायकलीचे सारे शास्त्र एवढेच आहे, शिक्षकबंधूंना ते फळ्यावर दोन रेघांत दाखविता येईल.

हे शास्त्र ज्याने रस्त्यावर उतरविले तो माणूस मात्र काही शास्त्रज्ञ नव्हता. शार्ल मोशे हा पॅरिसजवळ छोट्या, हलक्या मोटारगाड्या बनवणारा एक कारागीर. त्याचा मुलगा जॉर्ज याला सायकल हवी होती, आणि आईला वाटे, सायकलीवरून पोरगा पडेल. (आया सगळ्या देशांत सारख्याच.) तेव्हा मोशेने मुलासाठी चार चाकांची, पायांनी चालवायची एक गाडी करून दिली. पोर त्या गाडीत बसून दोस्तांच्या सायकलींना मागे टाकू लागले! बापाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने मोठ्या माणसांसाठी तशीच दोघांची गाडी बनवली: शेजारी शेजारी दोन आसने, दोघांनीही पायडल मारायचे, मागे सामानाला जागा. तिला नाव दिले ‘वेलोकार’. ज्यांना मोटार परवडत नव्हती, आणि तो काळ मोठ्या मंदीचा होता, अशा माणसांत ती बरीच खपली.

या चारचाकीत एक खोड होती. सरळ रस्त्यावर ती धावे छान, पण वळणावर जोरात घेतली तर कलंडायची भीती. मोशेने तीन चाकांचा प्रयोग करून पाहिला, तो जमला नाही. शेवटी त्याने, जणू काही, आपली दोघांची गाडी उभी मधोमध चिरली आणि निम्मी ठेवली. राहिली दोन चाकांची, एका माणसाची, लांबलचक आणि बुटकी सायकल. चाके नेहमीच्याहून लहान. पायडल बैठकीपेक्षा किंचित वर. हँडल आणि पुढचे चाक यांत अंतर पुष्कळ, म्हणून वळवण्यासाठी मधून एक लांब दांडा आणि दात्यांची चक्रे घातलेली. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ही सायकल तयार झाली.

आता ती वेगवान आहे हे जगाला पटवायचे कसे? त्या काळी, आणि आजही, सायकलस्वाराच्या कर्तबगारीचे एक निखळ माप आहे: एका तासात एकट्याने किती अंतर तोडले. मैदान गोल, घड्याळ एक, पुढे आडोसा द्यायला कोणी नाही. ऑस्कर एग नावाच्या स्विस स्वाराने १९१४ च्या ऑगस्टात, पहिले महायुद्ध पेटून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच, पॅरिसला ४४.२४७ किलोमीटर तोडून विक्रम केला होता. पुढे युद्ध झाले, राज्ये बुडाली, नवे देश जन्मले, पण एगचा आकडा १९ वर्षे जागचा हलला नव्हता.

मोशेने आधी आँरी लमवान नावाच्या नामांकित स्वाराला आपली सायकल दाखवली. त्याला ती आवडली. बसायला सुखाची, वळवायला सोपी. पण लोक हसतील या धास्तीने त्याने अंग काढून घेतले. मग मोशे फ्रान्सिस फोर याच्याकडे गेला. फोर हा दुसऱ्या फळीतला स्वार. त्याचा भाऊ बेन्वा फोर त्याच्याहून अधिक नावाजलेला. गमावण्यासारखे फारसे काही नसलेला माणूस हसण्याला भीत नाही. मैदानावर फोरला पाहून इतर स्वार हसले आणि शर्यत सुरू झाल्यावर त्याच्या मागे पडले. शिवाय ही सायकल इतकी बुटकी, की तिच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घ्यावा म्हटले तर तोही मिळेना.

७ जुलै १९३३. पॅरिसचे हिवाळी सायकल-मैदान. फोरने एका तासात ४५.०५५ किलोमीटर तोडले. एगच्या आकड्यापुढे ८०८ मीटर! त्याच वर्षी पॉल मोराँ नावाच्या स्वाराने पॅरिस ते लिमोज ही रस्त्यावरची शर्यतही आडव्या सायकलीवर जिंकली. म्हणजे ही करामत गुळगुळीत मैदानापुरती नाही, चढउताराच्या रस्त्यावरही चालते, हे दिसून आले.

आणि मग गंमत झाली. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस, २५ ऑगस्टला, यान व्हान हाउट या डच स्वाराने साध्या सायकलीवर ४४.५८८ किलोमीटर केले. चारच दिवसांनी मोरीस रिशार या फ्रेंच स्वाराने, तेही साध्या सायकलीवर, ४४.७७७ किलोमीटर केले. १९ वर्षे न हललेला आकडा दोन महिन्यांत तिघांनी ओलांडला. आता प्रश्न आला आंतरराष्ट्रीय सायकल संघापुढे: विक्रम कोणाचा? आकडा पाहावा तर फोर पुढे. परंतु फोरची सायकल ही सायकल आहे का?

मोशे चतुर होता. त्याने संघाला आधीच लिहून विचारले होते, आणि या यंत्राला वारा कापण्यासाठी वेगळे कवच वगैरे जोडलेले नाही, तेव्हा हरकत दिसत नाही, असे त्याला कळवण्यात आले होते. वस्तुस्थितीही तशीच होती. दोन चाके, चेन, पायडल, आणि माणसाचे पाय. सायकलीला आणखी काय लागते? पण पत्राचे उत्तर देणे वेगळे आणि विक्रम मोडल्यावर उत्तर देणे वेगळे. १९३४ च्या फेब्रुवारीत संघाची बैठक भरली, वाद झाला, आणि शर्यतीच्या सायकलीची नवी व्याख्या ठरली. पायडलाचा आस जमिनीपासून किती उंच असावा, सिटाचे टोक त्या आसाच्या मागे फार तर किती सेंटिमीटर असावे, पुढच्या चाकाचा आस किती दूर असावा, अशी मापे घालून दिली गेली. ती मापे अशी की नेहमीची सायकल त्यात बरोबर बसावी आणि मोशेची बाहेर पडावी. एप्रिल १९३४ पासून नियम लागू झाला. फोरचा आकडा पुसला नाही. तो निराळ्या वहीत टिपून ठेवला. विक्रमाचा मान रिशारच्या ४४.७७७ ला गेला.

या निर्णयावर आजही आडव्या सायकलीचे चाहते दातओठ खातात. मला वाटते, संघाचीही एक बाजू होती आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती. शर्यत माणसांची असते, यंत्रांची नव्हे. कुस्तीच्या फडात दोघांच्याही अंगावर लंगोटच पाहिजे, एकाने चिलखत घालून उतरता कामा नये, हे कोणीही मान्य करील. उद्या सारे विक्रम कारखान्यांचेच होऊ लागले तर १९१४ च्या एगशी १९३३ च्या फोरची तुलना करायची कशी? हा विचार रास्त आहे. खटकते ते एवढेच, की ही व्याख्या निकालानंतर लिहिली गेली. इतिहास शिकवताना अशी उदाहरणे वारंवार भेटतात: नियम आधी होता म्हणून कोणी बाद झाला, असे नसते, कोणाला बाद करायचे म्हणून नियम आला, असे असते. आणि या नियमाचा परिणाम एका स्वारापुरता राहिला नाही. शर्यतीत जी सायकल चालत नाही ती कारखानदार बनवत नाही. कारखानदार बनवत नाही ती दुकानात येत नाही. दुकानात येत नाही ती मास्तरांच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या हाती कशी पडणार? सायकलीचा घाट त्या बैठकीत जो गोठला तो पुष्कळसा आजतागायत तसाच आहे.

शार्ल मोशे १९३४ सालीच वारला. मुलगा जॉर्ज याने बापाचा धंदा पुढे चालवला. त्याने आडव्या सायकलीला पातळ कवच चढवले, आणि ५ मार्च १९३९ ला त्याच फ्रान्सिस फोरने तिच्यावर एका तासात ५०.५३७ किलोमीटर तोडले. पुढे कोणी आडोसा देणारा नसताना एका तासात ५० किलोमीटर ओलांडणारा तो पहिला माणूस. पण सहा महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. फ्रान्समध्ये पेट्रोल दिसेनासे झाले, तेव्हा मोशेंच्या जुन्या चारचाकी वेलोकारला एकदम मागणी आली. दोनचाकीला मात्र कोणी विचारीना. ती माळ्यावर गेली.

आता, वाचकहो, आपण थोडे मागे जाऊ आणि ज्या वाटेचा उल्लेख मघाशी केला ती वाट पाहू.

पॅरिस ते ब्रेस्त आणि परत, म्हणजे सुमारे १२०० किलोमीटर. मुंबईहून निघून नागपूर गाठावे आणि तिथून पुन्हा निम्म्या वाटेवर परत यावे, साधारण एवढे. ब्रेस्त हे फ्रान्सच्या पश्चिम टोकाचे, अटलांटिकच्या काठचे बंदर. १८९१ साली ‘ल पती जुर्नाल’ या वर्तमानपत्राचे संपादक प्येर जिफार यांनी या वाटेवर सायकलींची शर्यत जाहीर केली. सायकल हे खेळणे नाही, ते लांब पल्ल्याचे वाहन आहे, हे लोकांना दाखवावे असा हेतू. आणि वर्तमानपत्र खपावे असाही. ६ सप्टेंबर १८९१ ला २०६ जण निघाले. लक्षात घेण्यासारखे हे, की त्यांत नेहमीच्या सायकली होत्या, तीनचाकी होत्या, दोघांनी चालवायच्या जोडसायकली होत्या, आणि एक उंच चाकाची जुन्या पद्धतीची सायकलही होती. तेव्हा सायकलीची व्याख्या कोणी सेंटिमीटरमध्ये मांडली नव्हती. अट होती ती एवढी, की जी सायकल घेऊन निघाल तीच परत आणा. त्यासाठी यंत्राला शिशाचे शिक्के मारत.

ती शर्यत शार्ल तेराँ याने ७१ तास २२ मिनिटांत जिंकली, आणि जिंकली ती निम्मी पायांनी व निम्मी डोळ्यांनी. झील-लाव्हाल नावाचा स्वार त्याच्या पुढे होता. परतीच्या वाटेवर, तिसऱ्या रात्री, झील-लाव्हाल थोडा वेळ झोपायला थांबला. तेराँच्या माणसांनी ही खबर काढली, आणि तेराँ गुपचूप पुढे निघून गेला. झील-लाव्हाल उठला तो हरलेल्या शर्यतीत उठला. ससा-कासवाची गोष्ट, पण इथे दोघेही ससेच! निघालेल्यांपैकी सुमारे १०० जण दिवसेंदिवस पायडल मारीत पॅरिसला पोचले. (मिठाईचे शौकीन असाल तर आणखी एक गोष्ट सांगतो. या शर्यतीच्या आठवणीसाठी पुढे १९१० साली लुई द्युराँ या हलवायाने सायकलीच्या चाकासारखी गोल, मध्ये मलई भरलेली मिठाई केली असे सांगतात. ‘पॅरिस-ब्रेस्त’ याच नावाने ती आजही फ्रान्सच्या दुकानांत मिळते.)

ही शर्यत एवढी दमवणारी की ती दर दहा वर्षांनीच होई. १९३१ साली ऑस्ट्रेलियाच्या ह्यूबर्ट ऑपरमनने ती ४९ तास २३ मिनिटांत जिंकली. पण त्याच वर्षी तिच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट घडली. पॅरिसच्या ‘ऑदाक्स क्लब’ने हौशी प्रवाशांसाठी त्याच वाटेवर एक निराळी फेरी काढली. हिच्यात पहिला-दुसरा नाही, बक्षीस नाही. ठरलेल्या वेळात, ठरलेल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का मारून घेत, स्वतःच्या हिमतीने परत यायचे; आला तो उत्तीर्ण. पैसे घेऊन धावणाऱ्यांची शर्यत १९५१ नंतर भरली नाही, त्या लांबीला कोणी धजेना. हौशींची फेरी मात्र टिकली. १९७५ पासून ती दर चार वर्षांनी होते. २०१९ आणि २०२३ साली सहा हजारांहून अधिक माणसे तीत निघाली. सर्वांत सैल मुदत ९० तासांची, म्हणजे तीन दिवस आणि अठरा तास. त्यातच खाणे, त्यातच झोपणे, त्यातच पंक्चर काढणे. आणि तिथवर पोचण्याआधी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चार परीक्षा पार कराव्या लागतात.

या क्लबाच्या नियमांत वाहनाविषयीची अट पाहण्याजोगी आहे. वाहन फक्त चालवणाऱ्याच्या स्नायूंच्या बळावर चालावे, आणि त्याची रुंदी एक मीटरहून जास्त नसावी. झाले. पायडल कुठे, सीट कुठे, माणूस बसतो की रेलतो, याची कोणी चौकशी करीत नाही. जिथे पहिला नंबरच नाही तिथे कोणाचे यंत्र कोणाला भारी पडते याचा हिशेब ठेवण्याचे कारणच नव्हते. सायकल संघाने लावलेले दार जिथे मुळात नव्हतेच, अशी ही जागा.

पण जागा असली तरी आडवी सायकल तिथे लगेच अवतरली नाही. मध्ये काही दशके ती जवळजवळ विसरलीच गेली. १९७० नंतर अमेरिकेत चेस्टर काइल वगैरे मंडळींनी मानवी बळावर चालणाऱ्या सर्व तऱ्हांच्या वाहनांच्या, कोणतीही बंदी नसलेल्या चढाओढी सुरू केल्या, आणि १९७६ साली त्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना झाली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी आडव्या सायकलीचा अभ्यास करून ती रस्त्यावर चालेल अशी बनविण्यात हातभार लावला. युरोपात हॉलंड-जर्मनीकडे लहान लहान कारखाने निघाले. आणि मग पॅरिस-ब्रेस्तच्या फेरीत आडव्या सायकली दिसू लागल्या. सायकलीला पुरे कवच घातलेल्या, माशाच्या आकाराच्या तीनचाकीही दिसू लागल्या.

फेरीत त्यांना जोडसायकलींबरोबर वेगळ्या तुकडीत सोडतात. यात अपमान नाही, सोय आहे. उभ्या सायकलींच्या घोळक्यात बुटकी सायकल दिसत नाही, आणि दोघांची चाल सारखी नसते. सपाटीला आणि उताराला आडवी सायकल बाणासारखी जाते; चढ आला की मात्र जीव घेते. उभ्या सायकलीवरचा माणूस चढाला सिटावरून उठतो आणि अंगाचे सगळे वजन पायडलावर टाकतो. आपणही घाटात असेच करतो. रेललेल्याला उठता येत नाही. त्याने गियर हलका करायचा, पाठ आसनाला रेटायची आणि गोगलगाईच्या चालीने, तोल सांभाळीत वर जायचे. सायकलही थोडी वजनदार. आणि ही वाट सपाट आहे असे कोणी समजू नये. ब्रिटनी प्रांतात उंच डोंगर नाहीत. रॉक त्रेवेझेल हा वाटेवरचा मोठा चढ, तोही समुद्रसपाटीपासून ४०० मीटरांच्या आतला. पण एक टेकडी उतरली की दुसरी तयार, अशी सगळी वाट. हे सगळे लहान लहान चढ एकावर एक रचले तर १०,००० मीटरांच्या वर जातात, म्हणजे कळसूबाईच्या उंचीच्या सहापटीहून अधिक. त्यामुळे दोन्ही तऱ्हेच्या स्वारांची दिवसभर चुकामूक आणि भेट चालू राहते: चढावर हा मागे पडतो, उतारावर तो मागे पडतो, आणि पुढच्या गावात शिक्क्याच्या रांगेत दोघे पुन्हा शेजारी उभे.

खरा फरक पडतो तो तिसऱ्या दिवशी. एवढा वेळ उभी सायकल चालवणाऱ्याच्या तळहातांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, बूड सोलवटते. काहींची मान तर अशी थकते की डोके वर धरवत नाही. हनुवटीला हाताचा टेकू देऊन चालवणारे स्वार लांब पल्ल्यांच्या सायकलिंगमध्ये दिसतात. रेलून जाणाऱ्याला यातले काही होत नाही. तो आकाश पाहत, शेते पाहत जातो. त्याची दुखणी वेगळी: पाय सतत वर असल्याने तळवे बधिर होतात, गुडघे बोलू लागतात, ऊन-पाऊस थेट तोंडावर येतो. २००७ च्या फेरीत असा पाऊस लागला, आणि इतका वेळ लागला, की दर दहा जणांतले जवळजवळ तिघे वाटेतच थांबले. तेव्हा समोर पाय पसरून, तोंड आभाळाकडे करून जाणाऱ्याची अवस्था काय झाली असेल ती कल्पना करावी. जाताना अटलांटिकवरचा पश्चिमेचा वारा समोरून सुटला तर मात्र त्याच्यासारखा सुखी तोच. इतर सारे मान खाली घालून झुंजतात, आणि हा फटीतून निसटावे तसा निसटतो.

वाटेतल्या गावांविषयी चार शब्द सांगितलेच पाहिजेत. विलेन-ला-ज्यूएल, फूजेर, तँतेन्याक, लुदेआक, कारे अशी ठाण्यांची नावे आहेत. आपल्या जिभेला जड, पण गावे आपल्यासारखीच शेतकऱ्यांची. रात्री-बेरात्री लोक घरासमोर टेबल मांडून बसतात. पाणी, कॉफी, धिरड्यासारखे पातळ गोड पदार्थ पुढे करतात. पैसे घेत नाहीत. काही ठिकाणी मोबदला एवढाच मागतात, की घरी पोचल्यावर तुमच्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवा. वारीच्या वाटेवर पिठले-भाकरी घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भारतातूनही आता शेकड्यांनी स्वार तिथे जातात. पुणे, मुंबई, नाशिक या शहरांतून २०० ते ६०० किलोमीटरच्या त्या परीक्षा होतात, आणि वर्षातल्या एखाद्या रविवारी पहाटे घाटरस्त्याला लाल दिव्यांची ओळ दिसली तर ती त्यांचीच असण्याचा संभव आहे. ती पोस्टकार्डे आता आपल्याकडूनही जात असतील.

त्या फेरीच्या अखेरीस, हल्ली रांबूइये गावी, शेवटचा शिक्का मारला जातो. पुढे यादी निघते. नावापुढे किती तास लागले ते लिहिलेले असते. कितवा आला ते नसते. आडव्या सायकलीवरून आलेल्याचे नाव त्याच यादीत, इतरांच्याच ओळीत छापलेले असते. फ्रान्सिस फोरच्या आकड्यासारखी निराळी वही तिथे नाही.